फोर-हाय कधी, फोर-लो कधी: लिव्हरला हात घालण्याआधी जमीन बघा

प्रश्न थोडक्यात असा. शिराळ्याकडच्या एका भाऊंनी सेकंड हँड थार घेतली आहे, नवीन मॉडेलची, डिझेल, फोर बाय फोरची वेगळी लिव्हर असलेली. घरचं रान वारणेच्या काठाला, काळं. सासरवाडी ढेबेवाडी खोऱ्यात, वर डोंगरात. गाडी देणाऱ्याने सांगितलं, पावसाळाभर फोर-हाय (चारही चाकांना इंजिनची ओढ) लावूनच चालवा, गाडी घसरत नाही. गावातला मिस्त्री म्हणतो, डांबरावर फोर-हाय लावलं की बॉक्स (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस) गेला म्हणून समजा. भाऊंनी पहिल्याचं ऐकलं. आता चौकात गाडी वळवली की खालून कटकट येते, स्टेअरिंग जड होतं आणि लिव्हर टू-हायला (फक्त मागच्या चाकांना ओढ) परत यायला मागत नाही. शिवाय विचारलंय, फोर-लो नेमकं कशाला असतं, घाट उतरताना लावायचं का.

मी कराडच्या बाजूला गॅरेज चालवतो. त्याआधी चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मेंटेनन्सच्या फोर बाय फोर पिकअप चालवल्या. त्यामुळे चालवणाराही आणि खोलून बघणाराही, दोन्ही बाजूंनी सांगतो.

आधी लिव्हरचं. गाडीला बहुतेक काही झालेलं नाही. मोकळी जागा बघा, गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा मीटर रिव्हर्स घ्या, स्टेअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवा, ॲक्सिलेटर सोडा आणि त्या क्षणी लिव्हर टू-हायला ओढा. शक्य असेल तर मातीवर करा, लवकर सुटतं. जोर लावून, लाथ मारून करू नका. आत गियर सरकवणारा शिफ्ट फोर्क असतो, तो वाकला की खरंच बॉक्स खोलावा लागतो.

आता हे का होतं ते. तुमच्या गाडीला पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे. टू-हायमध्ये फक्त मागची चाकं ओढतात. फोर-हाय टाकलं की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) एकमेकांना पक्का बांधते. दोन्ही शाफ्ट सारखेच फिरणार, कमी-जास्त नाही. सरळ रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही. वळताना बिघडतं, कारण वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळात जातात, मागची आतून जातात.

हिशेब करून बघा. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २४५० मिलिमीटर. मागच्या ॲक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येने वळतोय असं धरलं, तर पुढच्या ॲक्सलचा मध्य साधारण ५.५७ मीटर त्रिज्येने जातो. पूर्ण चक्कर मारली तर मागचा एकतीस मीटर आणि थोडं चालतो, पुढचा पस्तीस मीटर. चौकातल्या एका काटकोनी वळणात पुढच्याला मागच्यापेक्षा जवळजवळ तीन फूट जादा जायचं असतं. शाफ्ट बांधलेले असल्यामुळे ते जादा अंतर कुठून तरी निघायला हवं. चिखल असेल, मुरूम असेल, तर चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो ताण शाफ्टात, गियरांत, जॉइंटांत साठतो. कटकट आवाज, जड स्टेअरिंग, ब्रेक लागल्यासारखी अडलेली गाडी आणि दातात अडकून बसलेली लिव्हर, सगळं त्यातूनच येतं. रिव्हर्स घेतल्यावर तो पीळ उलटा सुटतो.

म्हणून मिस्त्री खरं बोलतोय, पण थोडं घाबरवून. एकदोनदा चुकून डांबरावर फोर-हाय राहिलं म्हणून बॉक्स जात नाही. महिनोन्‌महिने तसंच चालवलं की ट्रान्सफर केसची चेन, पुढचे जॉइंट आणि टायर, तिघंही वेळेआधी संपतात. टायर तर नक्कीच.

हे सगळं तुमच्या प्रकारच्या गाडीचं झालं. थार, जिम्नी, २०१६ नंतरची फॉर्च्युनर, इसुझूची व्ही-क्रॉस, बोलेरो कॅम्परचं फोर बाय फोर, या सगळ्या आपल्याकडे पार्ट-टाइम आहेत. लिव्हर असो की गोल नॉब, तत्त्व एकच. प्राडोसारख्या फुल-टाइम गाड्यांत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये आणखी एक डिफरन्शियल (दोन बाजूंना कमी-जास्त फिरू देणारी गियरांची जुळणी) असतं, त्यामुळे त्या डांबरावरही चारही चाकांवर चालतात. फक्त ते मधलं डिफरन्शियल लॉक केलं, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र बांधल्या, की त्यांनाही डांबर वर्ज्य. एक्सयूव्ही ७००, डस्टर, नवी ग्रँड विटारा यांची ऑल-व्हील-ड्राइव्ह आणखी वेगळी. तिथे गाडी स्वतः ठरवते आणि फोर-लो नसतंच. म्हणून मित्राने सांगितलेला मोड आपल्या गाडीला लावण्याआधी आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडा. २०२३ पासून थार तर निव्वळ टू-व्हील-ड्राइव्हमध्येही मिळते. दुसरी लिव्हरच नसलेली गाडी घेऊन पाणंदीत घुसलेले लोक मी ओढून काढले आहेत.

आता मूळ मुद्दा. न्यूट्रल सोडलं तर लिव्हरवर तीन खुणा आहेत म्हणून लोक समजतात की टू-हाय म्हणजे साधं, फोर-हाय म्हणजे जोरदार, फोर-लो म्हणजे त्याहून जोरदार. तशी चढती भाजणी नाही ती. फोर-हाय पकड देतं; गाडीची ताकद काडीभरही वाढवत नाही. फोर-लो ताकद आणि ताबा देतं, आणि पकड फोर-हायइतकीच. तेव्हा दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या. चाक घसरतंय का? आणि गाडीला हळू पण जोरात काम करायचंय का? पहिल्याचं उत्तर हो, तर फोर-हाय. दुसऱ्याचं हो, तर फोर-लो. आणि दोन्हीच्या आधी: चाकाखाली सरकणारी जमीन आहे का? नसेल तर टू-हाय.

वर्षातले बहुतेक दिवस टू-हायचेच असतात. कराड-शिराळा रस्ता, हायवे, खंबाटकी, कोरडा कुंभार्ली घाट, सगळं टू-हाय. गावचा खडीचा पण घट्ट रस्ता, तोही टू-हाय.

ओल्या डांबराबद्दल मात्र मतं वेगळी असतात, म्हणून माझं सांगतो. मॅन्युअल बहुतेक वेळा ओल्या, निसरड्या रस्त्यावर फोर-हायला परवानगी देतं. पण पाऊस पडून धुतलेलं डांबर चाकाला बऱ्यापैकी धरून ठेवतं, आणि पसरणीसारख्या घाटात एकामागून एक वळणं असतात. तिथे मी टू-हायच ठेवतो आणि वेग कमी करतो. अपवाद दोन. पहिला, ऊसतोडीच्या दिवसांत रानातून निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर काळ्या मातीचा थर पसरवतात. त्यावर दव पडलं किंवा अवकाळी शिंतोडा आला की डांबराचं लोणी होतं. तेवढ्या तुकड्यापुरतं फोर-हाय, वळणं हलकी घ्यायची, थर संपला की लगेच परत. दुसरा अपवाद रिकाम्या पिकअपचा. मागे वजन नाही आणि ओढणारी चाकं मागचीच, त्यामुळे धुक्यातल्या ओल्या चढावर शेपूट हलकेच बाहेर पडते. पठारावर आम्ही मागे वाळूची पोती ठेवायचो आणि निसरड्या चढापुरतं फोर-हाय टाकायचो. तुमची थार आखूड आहे, तिलाही ही खोड थोडी आहे.

आणि एक गैरसमज इथेच मोडून काढतो, कारण गाडी देणाऱ्याच्या 'घसरत नाही' या वाक्यात तो लपलाय. फोर बाय फोरने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्या गाड्यांना चारही चाकांनाच असतात. फोर-हायमध्ये गाडी निसरड्यावर सहज वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे कळतच नाही. कळतं ते ब्रेक दाबल्यावर.

आता तुमच्या रानाकडे येऊ. सातारा-सांगलीत एकाच पावसाळ्यात तीन-चार प्रकारची जमीन भेटते. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. त्यामुळे 'पावसाळ्यात हा मोड' असं उत्तर आपल्याकडे चालतच नाही.

काळं रान सगळ्यात फसवं. वारणा-कृष्णेकाठची माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. मग चारही चाकं फिरली तरी चारही गुळगुळीतच फिरतात. इथे पाणंदीत शिरायच्या आधी फोर-हाय टाका, आत रुतल्यावर नाही. दुसरा किंवा तिसरा गियर, एकसारखा ॲक्सिलेटर, मध्ये थांबायचं नाही, गियर बदलायचा नाही. स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे खेळवलं की टायरच्या कडा नवीन माती धरतात. चाक जागेवर फिरायला लागलं की पाय लगेच काढा. 'थोडं अजून दाबू' म्हणणाऱ्याची गाडी डिफरन्शियलवर बसते, मग चाकं हवेत आणि मोड कुठलाही असला तरी उपयोग शून्य. खोल चाकोऱ्या पडलेल्या असतील तर आधी उतरून बघा, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतोय का. लागत असेल तर एका बाजूची चाकं उंचवट्यावर घेऊन जा.

हवा कमी करणं हा इथला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि लोक तोच करत नाहीत. १८ ते २० पीएसआयपर्यंत उतरवली तर टायर पसरतो आणि वजन वाटलं जातं. मात्र डांबरावर येताच पुन्हा भरा. कमी हवेवर वेगात पळवलं तर टायर तापतो, वळणावर रिममधून निघूही शकतो. गाडीत छोटा कॉम्प्रेसर ठेवा. खरं सांगायचं तर चिबड झालेल्या रानात कुठलीच गाडी घालू नये. वापसा येईपर्यंत थांबावं किंवा ट्रॅक्टर न्यावा. गाडीने पडलेली चाकोरी घट्ट होऊन बसते आणि पुढच्या हंगामात तिथे पीक मार खातं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

ढेबेवाडीच्या वर तुम्हाला जांभा आणि तांबडी माती भेटेल. जांभ्याच्या सड्यावर खाली कडक, वर पाण्याचा पापुद्रा आणि शेवाळ. चाक रुतत नाही, आडवं सरकतं. इथे हवा फार उतरवायची गरज नाही. फोर-हायमध्ये हळू, आणि उतार आडवा कापायचा नाही, सरळ चढायचं किंवा सरळ उतरायचं. (कासच्या पठारावर मात्र कुठल्याच मोडमध्ये रस्ता सोडू नका. ती फुलं जांभ्यावरच्या बोटभर मातीत उगवतात, टायर फिरला की ती मातीच जाते.)

पूर्वेकडे, जत-आटपाडी-माणच्या माळावर मुरूम आणि खडी. तिथे टू-हायने नव्वद टक्के काम होतं. सैल मुरमाचा चढ किंवा ओढ्याची वाळू आली तर फोर-हाय.

आता फोर-लो. यात ट्रान्सफर केसमधला आणखी एक गियर मध्ये येतो. गाडीप्रमाणे वेग दोन ते पावणेतीन पट कमी होतो आणि चाकावरची ताकद तितकीच वाढते. मी ते कधी टाकतो? जिथे फोर-हायच्या पहिल्या गियरमध्ये क्लच अर्धा दाबून चालवावं लागेल तिथे. दगडधोंड्यांची वाट, ओढ्यातून वर येणारी खडी दरड, पवनचक्कीच्या टॉवरकडे जाणारा कच्चा चढ, रुतलेली ट्रॉली सावकाश ओढणं. क्लच जळाल्याचा वास आला म्हणजे फोर-लो टाकायची वेळ मागेच होऊन गेली होती. गॅरेजला येणाऱ्या फोर बाय फोरच्या जळालेल्या क्लचप्लेटांमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं: मालकाला फोर-लो म्हणजे काहीतरी शेवटचं हत्यार वाटतं, म्हणून तो ते वापरतच नाही.

उलट चिखलात फोर-लोचा पहिला गियर टाकू नका. ताकद इतकी येते की चाक घसरायचंच. फोर-लोमध्ये दुसऱ्या गियरवर निघा, दगडावर पहिला.

घाट उतरताना? डांबरी घाट असेल तर नाही. टू-हायमध्ये दुसरा-तिसरा गियर ठेवा, इंजिन गाडी धरून ठेवतं. कच्चा, खडा, निसरडा उतार असेल तर फोर-लो पहिला गियर आणि पाय क्लचवरून पूर्ण बाजूला. इंजिनचा अडसर चारही चाकांवर वाटला जातो, ब्रेक जवळजवळ लागत नाही. घाबरून क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते, ही एकच चूक तिथे महाग पडते.

टाकायची पद्धत. टू-हायवरून फोर-हाय चालत्या गाडीत टाकता येतं. वेगाची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, मी चाळीसच्या आत, सरळ रस्त्यावर, ॲक्सिलेटर सोडून टाकतो. मागचं चाक जागेवर गरगरत असताना कधीच नाही. फोर-लोसाठी गाडी थांबवा, क्लच दाबा, मुख्य गियर न्यूट्रल, मग लिव्हर. अडलं तर गाडी फूटभर पुढे सरकवा, दात जुळतात. वाटेत फोर-हाय आणि फोर-लोच्या मध्ये एक न्यूट्रल लागतं. त्याचा धोका बऱ्याच जणांना माहीत नसतो: लिव्हर तिथे राहिली तर मुख्य गियर टाकलेला असला तरी गाडी उतारावर गडगडते. म्हणून उतारावर लिव्हरला हात लावायच्या आधी हँडब्रेक.

फोर बाय फोर असूनही गाडी का अडकते, हेही समजून घ्या. प्रत्येक ॲक्सलमध्ये एक डिफरन्शियल असतं. बैलजोडी बांधाला वळताना बाहेरचा बैल जास्त चालतो, तसं ते बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देतं. पण त्याची वाईट सवय अशी की जे चाक सहज फिरतं त्यालाच ते फिरवत बसतं. खड्ड्यात तिरकी गाडी उतरली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचललं गेलं, की ती दोनच फिरतात आणि जमिनीवरची दोन गप्प. थारच्या काही व्हेरियंटना मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल असतं, काहींना ब्रेक लावून ते काम करणारी यंत्रणा. तुमच्याकडे कुठलं आहे ते आधी बघा. मेकॅनिकलवालं स्वतः लागतं, चाकांच्या फिरण्यात फरक पडला की 'खट' आवाज येतो, घाबरू नका. ब्रेकवालं असेल तर चाक फिरतंय म्हणून लगेच ॲक्सिलेटर सोडू नका, दोन-तीन सेकंद हलका धरून ठेवा, यंत्रणेला काम करू द्या. चिखलात पाय काढा म्हणालो ते चारही चाकं खाली खोदत असतील तेव्हा. इथे दोन चाकं हवेत आहेत. फोर्स गुरखा गाडीसारखं हाताने लॉक करायचं डिफरन्शियल असेल तर सरळ, हळू, आणि वळायच्या आधी काढून टाकायचं.

पाण्याचं थोडक्यात. ओढ्याची फरशी ओलांडायची तर आधी माणूस चालत जाऊ शकतो का बघा. तळ दिसत नसेल आणि पाण्याला ओढ असेल तर थांबा. थारची पाण्यातून जायची क्षमता ६५० मिलिमीटर सांगितली आहे, पण ती साचलेल्या पाण्याची. वाहतं पाणी त्याहून कमी उंचीवर गाडी बाजूला ढकलतं, आणि चाकं जमिनीवरून उचलली गेली की फोर-लोला धरायला काहीच उरत नाही. २०१९ला सांगलीत पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही बघितलंच असेल. साधा ओढा असेल तर फोर-लो दुसरा गियर, एका वेगात, मध्ये न थांबता. नंतर ॲक्सल आणि ट्रान्सफर केसचं ऑइल बघून घ्या. दुधी झालं असेल तर पाणी शिरलंय, लगेच बदला.

सेकंड हँड म्हणून तुम्ही आधी करायच्या दोन गोष्टी. एक, ट्रान्सफर केस आणि दोन्ही ॲक्सलचं ऑइल बदलून टाका, जुन्या ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा दिसतो का पाहा. दोन, चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले आहेत का बघा. मागे दोन नवे, पुढे दोन झिजके असतील तर पुढची चाकं आकाराने लहान ठरतात. मग फोर-हायमध्ये सरळ रस्त्यावरही शाफ्टांत पीळ पडत राहतो, आणि तुमची लिव्हर अडकायला तेही कारण असू शकतं. पावसाळ्यानंतरही महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर किलोमीटर-दोन किलोमीटर फोर-हाय चालवा, थोडं फोर-लोही टाका, म्हणजे आतलं ऑइल सगळीकडे जातं आणि शिफ्टचा फोर्क चिकटत नाही. माळरानाकडच्या बऱ्याच गाड्या या एका कारणाने येतात: वर्षानुवर्षं लिव्हरला हातच लावलेला नसतो.

रिव्हर्स घेऊनही लिव्हर सुटली नाही, किंवा टू-हायला आल्यावरही वळणावर कटकट तशीच राहिली, तर चारही टायरच्या कडेवर लिहिलेलं माप आणि झिजेचा अंदाज इथे टाका. त्यावरून पुढे कुठे बघायचं ते सांगतो.